संगणक अभियांत्रिकीसाठी लॅपटॉप घेताना पैसे ग्राफिक्स कार्डावर घालावेत की मेमरीवर?

द्राक्षबाग (तासगाव)

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेत प्रवेश मिळाला असून पंधरवड्याने ती वसतिगृहात राहायला जाईल. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. बेदाण्याच्या सौद्यातून जे हाती आले त्यातले सत्तर हजार रुपये यासाठी बाजूला ठेवले आहेत. फारच नड असेल तर आणखी पाच हजार घालता येतील, पण त्यापुढे नाही, कारण वसतिगृहाची अनामत आणि मेसचे पैसे अजून भरायचे आहेत.

सांगलीत दोन दुकाने फिरलो. पहिल्या दुकानात एक जाडजूड गेमिंग लॅपटॉप दाखवला. त्यात ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ४ जीबीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. ‘इंजिनिअरिंगला कार्ड लागतेच, नाहीतर तिसऱ्या वर्षी परत याल,’ असे दुकानदाराने ठामपणे सांगितले. दुसऱ्या दुकानात जवळपास त्याच किमतीला दीड किलोचा, १६ जीबी रॅमचा, पण वेगळे कार्ड नसलेला लॅपटॉप होता. हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणतो की मामा, थोडे कर्ज काढा पण मॅकच घ्या. शेजारचे सर म्हणतात की पहिल्या वर्षी काहीच लागत नाही, वर्षभर थांबा. चौघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि इथेच घोडे पेंड खाते.

मुलीला घरच्या जुन्या संगणकावर पायथनची तोंडओळख झालेली आहे. पुढे मोबाइलची ॲप्स आणि मशीन लर्निंग शिकण्याचा तिचा मानस आहे. हा लॅपटॉप चारही वर्षे टिकावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. मला त्यातले तांत्रिक फारसे कळत नाही, त्यामुळे कोणत्या कामाला नेमके काय लागते हे कारणासह सांगितलेत तर दुकानात चार शब्द बोलता येतील.

प्रयोगवही (पुणे)

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करतो. मुले कोणता लॅपटॉप घेऊन येतात आणि कोणत्या प्रॅक्टिकलला कुठे अडतात, हे रोज समोर दिसते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

दुकानदाराचे ‘कार्ड लागतेच’ हे विधान अभ्यासक्रमाशी ताडून पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात संगणक शाखेला दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि मायक्रोप्रोसेसर यांची प्रॅक्टिकल्स होती, तिसऱ्या वर्षी डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम, आणि चौथ्या वर्षी मशीन लर्निंग, ब्लॉकचेन, डीप लर्निंग, हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग. या सगळ्यांत एनव्हिडियाचे कार्ड खरोखर कुठे लागते, तर शेवटच्या सत्रातल्या हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये, आणि तेही कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर प्रोग्रॅम चालवण्याची प्रणाली) वापरून दोन मोठ्या सदिशांची बेरीज आणि मॅट्रिक्सचा गुणाकार करण्यापुरते. त्याच विषयातली उरलेली प्रॅक्टिकल्स ओपनएमपीची आहेत आणि ती साध्या प्रोसेसरवर चालतात. कुडाचा तो प्रोग्रॅम आमची निम्म्याहून अधिक मुले गूगलच्या कोलॅबवर (ब्राउझरमधून गूगलच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवण्याची सोय) करून दाखवतात आणि परीक्षकही तो तसा मान्य करतात. म्हणजे आठव्या सत्रातल्या दोन दुपारींसाठी पहिल्या वर्षापासून जड लॅपटॉप पाठीवर वाहायचा, असा तो हिशोब होतो.

‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ या विषयाच्या नावामुळेही अनेक पालक फसतात. त्या विषयात मुले रेषा काढण्याचा आणि बहुभुज रंगवण्याचा अल्गोरिदम सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहितात. दहा वर्षे जुन्या संगणकावरही ते सुखाने चालते.

मेमरीचे मात्र तसे नाही. डेटाबेसच्या प्रॅक्टिकलला एका बाजूला मायएसक्यूएल किंवा मोंगोडीबी सुरू असते, दुसऱ्या बाजूला एक्लिप्स किंवा इंटेलिजे, शिवाय ब्राउझरमध्ये दहाबारा टॅब उघडे असतात. मोबाइल ॲपसाठी अँड्रॉइड स्टुडिओ लागतो, आणि तो एम्युलेटरसह (संगणकातच फोनची नक्कल उभी करणारा प्रोग्रॅम) चालवायचा तर गूगलच स्वतः १६ जीबी रॅम सांगते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर एम्युलेटरमधला फोन सुरू होईपर्यंत मुले चहा पिऊन येतात, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. वर्गातल्या ज्या मुलांकडे खरा अँड्रॉइड फोन आहे ती केबल लावून त्याच्यावरच ॲप चालवतात. ही युक्ती तुमच्या मुलीलाही सांगून ठेवा.

थांबण्याविषयी शेजारच्या सरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्रॅम असतात आणि प्रयोगशाळेतला संगणक त्याला पुरतो. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला प्रयोगशाळा संध्याकाळी बंद झाल्यावर हातात काही नसते, आणि जिला प्रोग्रॅमिंगची खरी आवड आहे तिचे शिकणे संध्याकाळनंतरच सुरू होते. त्यामुळे मी तरी थांबा म्हणणार नाही. खरेदीपूर्वी एवढे मात्र करा की महाविद्यालय स्वायत्त असेल तर त्याचा स्वतःचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्या, आणि विद्यापीठाशी संलग्न असेल तर २०२४ची नवी रचना पाहा, कारण मी वर दिलेली विषयांची मांडणी तिच्यात तशीच राहील असे धरून चालू नका.

बंगळुरूकर

मी मूळचा साताऱ्याचा. सॉफ्टवेअरमध्ये चौदा वर्षे काढली आहेत. वरच्या उत्तराशी सहमत आहे आणि दुकानात लॅपटॉपवरचे स्टिकर कसे वाचावे याची त्यात भर घालतो, कारण ‘आय-फाइव्ह’ किंवा ‘रायझन ५’ एवढे ऐकून घेतलेल्या निर्णयातून फारसे काही हाती लागत नाही.

एएमडीने २०२३च्या लॅपटॉपांसाठी जी चार आकडी नावे आणली त्यांत तिसरा आकडा प्रोसेसरची आतली पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू यातला तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २ ही २०१९ साली आलेली, आणि गाभे (कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) चार. रायझन ५ ७५३०यू यात तिसरा आकडा ३, रचना झेन ३, गाभे सहा. नावात एका आकड्याचा फरक, किमतीत दुकानदाराच्या मर्जीचा फरक आणि कामात मात्र बराच मोठा फरक. आता नवी नावे आली असली तरी जुना माल दुकानांतून अजून विकला जातो. इंटेलमध्ये शेवटचे अक्षर पाहा. आय-फाइव्ह १२३५यू यात जोरकस गाभे दोन आणि काटकसरी आठ. १२४५०एच यात जोरकस चार आणि काटकसरी चार. दोन्हींच्या माहितीपत्रकात थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) बाराच लिहिलेले असतात, त्यामुळे दोन्ही सारखेच असे विक्रेता सांगून मोकळा होतो. पण यू प्रकाराची मूळ वीजमर्यादा १५ वॉट आणि एच प्रकाराची ४५ वॉट आहे. एच जास्त वेळ जोर धरतो, तसाच जास्त तापतो आणि बॅटरीही लवकर संपवतो. महाविद्यालयातल्या प्रोग्रॅमिंगला सहा गाभ्यांचा चांगला यू किंवा साधा एच यांपैकी काहीही चालेल; चार जुन्या गाभ्यांचा प्रोसेसर मात्र चार वर्षांसाठी घेऊ नका.

आता रॅम. दोनशे ओळींचा प्रोग्रॅम कोणताही लॅपटॉप क्षणात कंपाइल करतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवतो. मुलगी पुढे एखाद्या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पात हात घालू लागली की चित्र बदलते. सी प्लस प्लसचा मोठा प्रकल्प बांधताना एकाच वेळी आठ फाइली कंपाइल होतात आणि त्यातली एकेक प्रक्रिया कधी कधी एक जीबीच्या वर मेमरी खाते. मेमरी संपली की संगणक एसएसडीलाच मेमरी समजून वापरू लागतो, आणि तिथून पुढे प्रोसेसर कितीही भारी असला तरी तो नुसता ताटकळत बसतो. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे आणि विंडोजवरचा डॉकरही (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासह वेगळा चालवण्याचे साधन) साधारणपणे तिच्यावरच चालतो. ती काही न सांगता एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये लिनक्सला जास्तीत जास्त ४, आणि उरलेल्या ४ मध्ये विंडोज, ब्राउझर आणि एडिटर यांनी दाटीवाटीने राहायचे. शिवाय वेगळे कार्ड नसेल तर अंगभूत ग्राफिक्स आपला वाटा याच मेमरीतून उचलते. १६ जीबी ही चैन राहिलेली नाही, किमान गरज आहे.

‘आता ८ घ्या, पुढे वाढवू’ हा सल्ला पूर्वी मीही देत असे. आता देत नाही. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, कारण कारखान्यांचा बराच माल एआयच्या सर्व्हरांकडे वळला. दुसरे म्हणजे पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि ती वाढवताच येत नाही. हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत ‘१ ऑफ २’ दिसले तर एक जागा मोकळी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर रॅम सोल्डर केलेली आहे असे समजा. हे बघताना विक्रेत्याचा चेहरा थोडा बदलतो, तिकडे लक्ष देऊ नका.

पडद्याविषयी एकच वाक्य लिहितो. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० चा पडदा मिळत असेल तर तो घ्या, कारण वाढलेल्या १२० बिंदूंच्या उंचीत प्रोग्रॅमच्या पाचसहा ओळी जास्त दिसतात आणि चार वर्षांत त्या किती वेळा कामी येतात याचा हिशोब ठेवता येणार नाही.

चौथेवर्ष (पिंपरी)

काका, तुम्हाला दाखवलेला जो पहिला लॅपटॉप आहे, साधारण तसाच माझ्याकडे आहे, म्हणून अनुभव लिहितो. माझ्याही वडिलांना दुकानात हेच सांगितले होते.

लॅपटॉपचे वजन दोन किलो तीनशे ग्रॅम आहे आणि अडॅप्टर अर्ध्या किलोची वीटच आहे. ती वीट घरी ठेवून जाता येत नाही, कारण कोड लिहीत बसलो तर बॅटरी तीन तासही पुरत नाही आणि आमच्या वर्गात भिंतीला दोनच प्लग आहेत. त्यातला एक प्रोजेक्टरला जातो. दुसऱ्या वर्षापासून मी लॅपटॉप महाविद्यालयात नेणेच सोडले आणि वहीत प्रोग्रॅम लिहून रात्री खोलीवर टाइप करू लागलो. मग लॅपटॉप घेऊन उपयोग काय झाला, असे तुम्ही विचाराल, तर बाबांनीही तेच विचारले. रात्री पंखे सुरू झाले की खोलीतला मित्र उशी कानावर घेतो, ते वेगळेच.

आता कार्डाविषयी, कारण तुमच्या मुलीला मशीन लर्निंग करायचे आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही जे शिकलो ते सायकिट-लर्न आणि पांडाज या पायथनच्या लायब्रऱ्या वापरून होते, आणि त्याचे काम प्रोसेसरवरच चालते. चौथ्या वर्षी आमच्या गटाने पिकांच्या पानांवरचे रोग ओळखण्याचा प्रकल्प घेतला. तेव्हा मला वाटले की आता माझ्या कार्डाचे पांग फिटणार. पहिल्याच रात्री ‘कुडा आउट ऑफ मेमरी’ असा संदेश आला. एका वेळी ३२ छायाचित्रे द्यायची होती, ती १६ केली, मग ८ केली, तेव्हा कुठे ते चालू लागले, आणि शिकवण्याची एक फेरी संपायला इतका वेळ लागू लागला की गाइडच्या मीटिंगला दाखवायला काही उरेना. शेवटी कोलॅबवर गेलो. तिथे फुकट मिळणारे टी-फोर कार्ड १६ जीबी मेमरीचे आहे, म्हणजे माझ्या कार्डाच्या चौपट. ते तासन्‌तास चालवता येत नाही, मध्येच तुटते, त्यामुळे दर फेरीनंतर मॉडेल ड्राइव्हवर साठवण्याची सवय लावून घ्यावी लागली. पण प्रकल्प तिथेच पूर्ण झाला.

माझ्या कार्डाचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हटले तर खोटे ठरेल. नेट गेलेले असताना छोटे मॉडेल तपासून पाहायला ते बरे पडते आणि सबमिशन संपल्यावर खेळायलाही. पण त्याच पैशात दुप्पट रॅम आणि हलका लॅपटॉप मिळत असता तर आज मी तोच घेतला असता.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. लॅपटॉप आला की बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची मूळ सेटिंग्ज) जाऊन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे संगणकात दुसरा संगणक चालवण्याची सोय, सुरू आहे का ते पाहावे. एएमडीमध्ये त्याला एसव्हीएम म्हणतात. माझ्या लॅपटॉपमध्ये ते बंद होते आणि अँड्रॉइडचा एम्युलेटर का चालत नाही या शोधात माझे दोन दिवस गेले.

माहेरवाशीण (ठाणे)

भाच्याची बाजू कोणीच घेत नाही, म्हणून मी घेते. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम-वन ही स्वतःची चिप आणल्यापासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, दिवसभर चार्जर लागत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यात खालच्या एअरलाही १६ जीबी मेमरी मिळते. मी रोज त्याच्यावरच काम करते. विद्यार्थ्यांना सवलतही असते. एम-फोरचा एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांना आला तेव्हा विद्यार्थ्यांसाठी तो ८९,९०० ला होता. तुमच्या मर्यादेच्या तो बाहेर आहे हे मान्य, पण जुने मॉडेल एखाद्या विक्रीत खाली येते. आयफोनची ॲप्स करायची असतील तर दुसरा इलाजच नाही, तेही लक्षात घ्यावे.

प्रयोगवही (पुणे)

ताई, यंत्र म्हणून त्याला नावे ठेवायला जागा नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या मायक्रोप्रोसेसर प्रॅक्टिकलला आमच्याकडे मॅक घेऊन आलेल्या मुलांची काय तारांबळ उडते, ते सांगितले पाहिजे. त्या प्रॅक्टिकलमध्ये मुले लिनक्सवर नॅस्म हे असेंबलर वापरून ६४ बिटांच्या एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या) प्रोसेसरची असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञा, लिहितात. ‘आरएएक्स’ या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली छोटी साठवणजागा) १ घालून ‘सिसकॉल’ म्हटले की अक्षरे पडद्यावर उमटतात आणि ६० घालून म्हटले की प्रोग्रॅम संपतो. ॲपलच्या चिपची भाषाच वेगळी, एआरएमची. तिच्यात आरएएक्स नावाचे रजिस्टर नाही. मॅकवर एक्स८६ लिनक्सचे सोंग उभे करून ते करता येते, पण ज्याने पहिल्यांदाच रजिस्टर हा शब्द ऐकला आहे त्याच्यावर हा दुहेरी अभ्यास पडतो. स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉप २०२४ पासून मिळू लागले आहेत, तेही याच एआरएम जातीचे. त्यांची बॅटरी छान टिकते, विक्रेता तेवढेच सांगतो. त्यामुळे अभ्यासक्रमात एक्स८६ असेंब्ली आहे का, हे बघितल्याशिवाय यांपैकी काही घेऊ नये.

स्क्रूड्रायव्हर (मिरज)

माझा लॅपटॉप दुरुस्तीचा व्यवसाय आहे. वरच्या मंडळींनी लॅपटॉप चालू असतानाचे सांगितले, मी बंद पडल्यावरचे सांगतो.

विद्यार्थ्यांचे लॅपटॉप माझ्याकडे सर्वांत जास्त येतात ते हिंजसाठी, म्हणजे झाकणाच्या बिजागरीसाठी. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असते, त्यामुळे आतल्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांची पकड सुटते आणि एक दिवस झाकणाबरोबर खालचा भागही उचलला जातो. तेव्हा पडद्याची केबलही तुटते आणि खर्च वाढतो. दुकानात लॅपटॉप उघडताना एका हाताने, मधोमध धरून उघडा आणि पडदा हलकेच दाबून पाहा. कीबोर्डच्या मधल्या भागावर बोट दाबल्यावर तो खाली लवत असेल तर बांधणी कच्ची आहे. कीबोर्डवरच तिला चार वर्षे काढायची आहेत, त्यामुळे मुलीला सोबत न्या आणि तिला स्वतःला दहा ओळी टाइप करू द्या. कंस, अर्धविराम आणि बाणांची बटणे तिच्या बोटांना सहज सापडतात का ते पाहा, कारण प्रोग्रॅमिंगमध्ये तीच सर्वाधिक लागतात.

वॉरंटी कागदावर एक वर्षाचीच दिसली तरी तिचे दोन प्रकार असतात. ऑनसाइटमध्ये माणूस तुमच्याकडे येतो, कॅरी-इनमध्ये तुम्ही लॅपटॉप घेऊन सेवाकेंद्रात जायचे. मुलगी पुण्यात असल्याने दोन्ही चालण्यासारखे आहे, पण ज्या कंपनीचे केंद्र पुण्यात तिच्या वसतिगृहापासून रिक्षाने जाण्याजोगे आहे, तिलाच मी प्राधान्य देईन. पडणे आणि पाणी सांडणे हे साध्या वॉरंटीत बसत नाही. त्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळते. वसतिगृहात चार मुली, एक टेबल आणि चहाचे कप हे लक्षात घेता तो खर्च वाया जात नाही.

आता एक प्रसंग सांगतो, कारण हा प्रकार वाढला आहे. गेल्या वर्षी एक मुलगा तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. विंडोजच्या शेजारी उबंटू टाकण्यासाठी त्याने बायोसमध्ये एक सेटिंग बदलले होते, आणि लॅपटॉप निळ्या पडद्यावर थांबून ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागत होता. हल्ली विंडोज ११ मध्ये डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते. मी म्हटले, तुझे खाते उघड. खाते त्याचे नव्हतेच. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोऱ्याने दुकानाच्याच ईमेलवर ते तयार करून दिले होते, आणि तो पोऱ्या ते काम सोडून गेला होता. दुकान उघडे होते, पण पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्यापलीकडे मला काही करता आले नाही. त्याचा प्रकल्प गिटहबवर (कोड ऑनलाइन साठवण्याचे संकेतस्थळ) होता म्हणून वाचला. अहवाल मात्र रात्रभर बसून पुन्हा लिहावा लागला. तेव्हा ‘सगळे चालू करून देतो’ असे दुकानात म्हणाले तरी खाते मुलीला स्वतःच्या ईमेलवर स्वतःच्या हाताने काढू द्या आणि ती ४८ आकड्यांची किल्ली कागदावर छापून घरी ठेवा.

पैसे वाचवायचे असतील तर कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे वापरलेले लॅपटॉप वाईट नसतात. त्यांची बांधणी या किमतीतल्या नव्या लॅपटॉपांपेक्षा दणकट असते आणि रॅम बऱ्याच मॉडेलांत बदलता येते. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बॅटरी किती उरली आहे ते विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसते. मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे शेजारी पाहा. अर्थात तुमच्या हाती सत्तर हजार असताना आणि मुलगी घरापासून लांब राहणार असताना मी नवाच घ्या म्हणेन.

द्राक्षबाग (तासगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलीला घेऊन पुन्हा सांगलीला गेलो होतो, त्याचा वृत्तांत देतो.

आधी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम तिनेच काढून वाचला. दुसऱ्या वर्षी एक्स८६ असेंब्ली आहे, त्यामुळे मॅकचा विषय भाच्याला न दुखावता मिटला. गेमिंगचा लॅपटॉप तिने पाठीवरच्या सॅकमध्ये अडॅप्टरसह ठेवून दुकानातच दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली. दुकानदार हसले, पण हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दुकानातल्या दीड किलोच्या लॅपटॉपवर तुम्ही सांगितलेली तीन बटणे दाबली तेव्हा ‘रो ऑफ चिप्स’ असे आले, म्हणजे १६ जीबी आहे तेवढीच, पुढे वाढणार नाही. शिवाय प्रोसेसर तोच ७५२०यू निघाला. हा तिसरा आकडा माहीत नसता तर मी तो लॅपटॉप डोळे झाकून घेतला असता. मग विक्रेत्याने आतून आणखी एक आणून दाखवला. त्यात ७५३०यू प्रोसेसर, ८ जीबी बोर्डावर आणि ८ जीबी स्लॉटमध्ये, म्हणजे पुढेमागे स्लॉटमधली काढून मोठी घालता येईल. ५१२ जीबी एसएसडी आहे, वजन एक किलो सातशे ग्रॅम. पडदा १०८० चाच आहे, १२०० चा आमच्या पैशांत बसला नाही. पडण्यासांडण्याच्या संरक्षणासह एकाहत्तर हजार होतात. कीबोर्डवर तिने दहाऐवजी चाळीस ओळी टाइप केल्या आणि मागे लोक खोळंबले.

पैसे अजून भरलेले नाहीत, उद्या भरणार आहे. त्याआधी एक शेवटची शंका. ८ जीबी बोर्डावर आणि उद्या स्लॉटमध्ये १६ घातली तर दोन्ही मापे वेगळी असल्याने काही बिघडते का?

बंगळुरूकर

बिघडत काही नाही. दोन्हीकडची सारखी ८-८ जीबी जोडीने चालते आणि स्लॉटमधली वरची ८ जीबी एकेरी वाटेने चालते, म्हणजे त्या भागात वेग थोडा कमी, एवढेच. कंपाइल करताना ते जाणवणारही नाही. रॅमचा प्रकार मात्र डीडीआर-फोर आहे की डीडीआर-फाइव्ह हे बिलाच्या मागे आजच लिहून ठेवा. एकाच्या जागी दुसरी बसत नाही आणि दोन वर्षांनी ते कोणाला आठवत नाही. घ्या निर्धास्त.

स्क्रूड्रायव्हर (मिरज)

बिलावर सिरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक छापलेला असल्याची खात्री करा. घरी गेल्यावर तोच सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहा. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते, आणि बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घेण्याचे काम पहिल्या आठवड्यातच सोपे जाते.